सणावारी पोलवर

सण संपला की रस्त्यावरचा कचरा नगरपालिका उचलते. तारांवर अडकलेलं मात्र आम्हीच काढतो. पतंग, झुरमुळ्या, मंडळाचे झेंडे, वरातीत उडवलेला फेटा आणि एकदा तर चक्क नवरदेवाचा बूट! किश्शांचंही तसंच आहे. प्रत्येक सण जाता जाता काहीतरी अडकवून जातो आणि ते कुणीतरी खाली उतरवेपर्यंत तसंच लोंबत राहतं. मला रोज चार ओळी लिहायची सवय आहे. कुणी शिकवली नाही, आपोआप लागली. म्हणून हे उतरवायचं काम माझ्याकडे.

आमचं कार्यालय नंदुरबार शहरातलं, वीज कंपनीचं. मी वायरमन. लिहितो म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणतात. माझ्याहून मोठे सुकदेव नाना, लाईनमन. तापीकाठच्या शेतकरी घरातले. साहेबांसमोरही अहिराणीतच बोलतात. तिसरा जालमसिंग. ठेकेदाराकडून आलेला, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला, पोलवर माकडासारखा चढणारा. आणि चौथे आमचे साहेब, बदलीवर आलेले. माणूस वाईट नव्हता. तीच तर अडचण होती!

* * *

संक्रांतीला आमच्या शहराचं आभाळ निम्मं गुजरातचं होतं. गच्चीगच्चीवर स्पीकर, डोळ्यांवर गॉगल आणि दिवसभर आरडाओरडा. त्या वर्षी दुपारी कुणाचातरी मांजा दोन तारांवर आडवा पडला, ठिणगी उडाली आणि सगळ्या गल्लीचा सप्लाय गेला.

जालमसिंग नवाच होता. तो पोलवर चढला, नानांनी खाली शिडी धरली. तारेचा एक पदर जळून लोंबत होता. पण त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. चारी गच्च्यांवरून सूचना सुरू झाल्या.

"ए भाऊ, तो लाल माझा आहे!"

"डावीकडचा हळू काढ, फाडू नको!"

एका वहिनींनी दोरीला टोपली बांधून खाली तिळगूळ सोडला. वरून गोड आवाजात म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि पुढच्याच श्वासात, "आता आटपा की लवकर! किती वेळ लावता!"

तिसऱ्या मजल्यावरचा एक गॉगलवाला तर कठड्यावर ओणवाच झाला. "लाईट कधी येणार? आमचा स्पीकर बंद पडलाय!"

नाना म्हणाले, "दादा, तार जळेल शे. जरासा धीर धरा."

"सणाच्या दिवशीच बरं सुचतं तुम्हाला हे! आज सुट्टी घेऊन घरी बसायचं ना!"

नानांनी शिडी धरल्या धरल्या माझ्याकडे मान वळवली. "मास्तर, हाई वाक्य लिखी ठेव. रजाना अर्जले जोडसूत!"

* * *

त्याच फाल्गुनात नानांच्या लक्षात आलं की जालमसिंग अनवाणी फिरतो. पोलवर चढताना रबरी बूट घालायचा, खाली उतरला की काढून हातात घ्यायचा. डबाही स्वतः रांधून आणायचा, आमच्यात बसून खायचा नाही. चहा बंद. दुपारी आम्ही बाकावर आडवे व्हायचो, तर हा जमिनीवर.

एक दिवस नाना भडकले. "डीपीजवळ उघडा पायनी फिरस? मरानं शे का तुले?"

तेव्हा त्यानं सांगितलं. मागे त्याची लहान मुलगी तापानं फणफणली होती. चिंचपाड्याच्या दवाखान्यात पोरगी नळ्यांमध्ये पडलेली आणि हा बाहेर झाडाखाली बसलेला. तिथं त्यानं होळीला नवस बोलला : पोर उठली तर पाच होळ्या बावा होऊन नाचेन. बावा म्हणजे अंगावर पांढरे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून रात्रभर होळीभोवती नाचणारा माणूस. त्याआधी काही दिवस पालणी करायची. म्हणजे अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, स्वतःच्या हातचंच खायचं.

पोर उठली. तीन होळ्या झाल्या. मग नोकरी लागली आणि दोन राहिल्या.

"पोरीला सर्दी झाली तरी आईचा फोन येतो," तो म्हणाला. "म्हणते, दोन होळ्या बाकी आहेत म्हणून झालं."

त्यानं रजेचा अर्ज दिला. साहेबांनी वाचला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा अर्ज वाचला.

"होळी सोमवारी आहे. तू गुरुवारची रजा मागतोयस."

"आमच्या गावाची होळी गुरुवारी आहे साहेब."

"असं कसं? पौर्णिमा सगळ्यांची एकच असते ना?"

"पौर्णिमा एक आहे साहेब. पण माणसंपण तीच आहेत, ढोलपण तेच आहेत. एका रात्री सगळ्या गावांना कसे पुरणार? म्हणून एकेका गावाची होळी वेगळ्या दिवशी. ह्या गावानं त्या गावाला जायचं."

मला तर हे ऐकून आपलीच होळी अडाणी वाटली. साहेबांनाही पटल्यासारखं दिसलं. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सगळं खरं रे. पण मी वर काय दाखवू? कॅलेंडरात दाखव, लगेच सही करतो."

गुरुवारी जालमसिंग ड्यूटीवर होता, अनवाणीच. न सांगता गेला असता तर ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाठवला असता, आणि पोरीची औषधं याच पगारावर चालत होती. दुपारी नानांनी विचारलं, "रजा नही भेटनी, मंग आते तरी चप्पल घाल ना!"

तो म्हणाला, "अजून रात्र कुठं झालीय नाना."

* * *

श्रावणात कानबाई आली. आमच्या खान्देशात कानबाईला माणूस सुरतेत असो की मुंबईत, घरी येतोच. नानांच्या गावात त्या रविवारी घराघरांत नारळाची देवी सजली, अंगणाअंगणात हॅलोजन लागले, आणि संध्याकाळी सगळ्या लोडनं डीपीचा फ्यूज उडाला. नाना सुट्टीवर. मी आणि जालमसिंग गेलो.

काम नानांच्या घरासमोरच होतं. आतून बायकांच्या गाण्यांचा आवाज, तुपाचा आणि खिरीचा वास. आम्ही सकाळपासून उपाशी. सप्लाय सुरू झाला तसे नाना बाहेर आले, कपाळभर कुंकू, नवं धोतर आणि चेहरा मात्र चोरी सापडल्यासारखा.

"मास्तर, काय सांगू भो," ते म्हणाले. "रोट फक्त भाऊबंदकीमाच खातस. बाहेरनाले देता येत नही. सख्खा जावईलेबी नही!"

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, त्याचा हा नियम मला ठाऊक होता. मी हसून सोडून दिलं. जालमसिंग म्हणाला, "नाना, वाईट वाटून घेऊ नका. पालणीत मी माझ्या आईच्या हातचंसुद्धा खात नाही. देवाचं खाणं असंच असतं."

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. सात-आठ महिने बरोबर राबलेला माणूस त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असावा. मग पळत शेजारच्या दुकानातून बिस्किटाचे पुडे घेऊन आले आणि आम्ही ते खाऊन संपवेपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी देवी नदीवर पोहोचवून नाना थेट साहेबांच्या केबिनमध्ये. कुंकू अजून कपाळावर. "साहेब, त्या पोऱ्यानी होळी खरी शे. येत्या वरीसले त्याले जाऊ द्या."

"नाना, कॅलेंडरात नाही हो ती."

"कानबाई तरी कोठे शे तुमना कॅलेंडरमा? तरी मी दर साल जास ना?"

साहेब शांतपणे म्हणाले, "ती रविवारी येते नाना. देवी शहाणी आहे!"

* * *

गणपतीत उंचीचा घोळ होतो. मंडळांनी मूर्तीची उंची आधी कळवायची, त्याप्रमाणे आम्ही मिरवणुकीच्या वाटेवरच्या तारा ओढून वर घेतो. एका मंडळानं कळवली तशी आम्ही तयारी केली. विसर्जनाला बघतो तर मूर्ती तारेच्या दोन हात वर!

नानांनी अध्यक्षांना गाठलं. "अहो, तुम्ही सांगेल उंची कोणती व्हती?"

"मूर्तीचीच होती की!" अध्यक्ष म्हणाले. "ही मूर्ती तेवढीच आहे. खालचा ट्रॅक्टर तुम्ही धरला नाही का?"

मग काय! ज्या गल्लीत जाऊ तिथला सप्लाय बंद करायचा, आणि जालमसिंगनं वाळलेल्या बांबूनं तार वर उचलून धरायची. देव खालून जाईपर्यंत दोन्ही हात डोक्यावर. पण देव एकटा जात नाही. देवापुढे डीजे असतो, डीजेपुढे नाचणारे असतात, आणि नाचणाऱ्यांना नेमकं तारेखालीच गाणं आवडतं. एका चौकात त्यानं बांबू धरला तो मिरवणूक हलेपर्यंत खाली घेता आला नाही. वरून गुलालाची पोती. शेवटी तो लाल पुतळाच झाला.

एक आजोबा लहान नातीला खांद्यावर घेऊन मिरवणूक बघत होते. पोरीनं जालमसिंगकडे बोट केलं, "आजोबा, ह्या गणपतीचं विसर्जन कधी?"

तो हसला. हात मात्र खाली घेता येत नव्हते.

नदीवर शेवटी अध्यक्षांनी माईक घेतला. पोलिसांचे आभार, नगरपालिकेचे आभार, डीजेच्या मालकांचे आभार, ट्रॅक्टरवाल्याचे आभार. आम्ही तिघं मागे उभे. मला वाटलं आता आपलं नाव येतं.

"आणि ज्यांनी मिरवणुकीत वारंवार लाईट घालवून भाविकांची गैरसोय केली," अध्यक्ष म्हणाले, "त्यांनाही गणपती बाप्पा सद्बुद्धी देवो. बोला, गणपती बाप्पा..."

नाना सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "मोरया!"

* * *

दुसऱ्या वर्षीची होळी. नानांच्या बोलण्याचा परिणाम झाला होता. साहेबांनी जालमसिंगला स्वतःहून बोलावलं. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"तुझी रजा केली मी. होळीची! नियमात बसवून दिली बघ."

जालमसिंगनं कागद घेतला. कॅलेंडरातल्या होळीची रजा होती. त्याच्या गावाची होळी त्या वर्षी पंचांनी चार दिवस आधी ठरवली होती. ती होऊन गेली होती, आणि त्या रात्री हा आमच्याबरोबर सबस्टेशनवर होता, जमिनीवर बसून, अनवाणी.

मी दाराशी उभा होतो. वाटलं, आता हा बोलेल. तो म्हणाला, "उपकार झाले साहेब."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अरे, सांगायचं ना!"

"एवढ्या खुशीनं दिली मास्तर. नको कसं म्हणू?"

मग त्या रजेच्या दिवशी तो ऑफिसात आला आणि बाकावर बसून राहिला. गावाला जायला एक दिवस पुरत नव्हता, आणि गावात आता काही नव्हतंही. शहरात पोरांनी धुळवडीची वाट न बघता दुपारीच रंग सुरू केला. कुणाच्यातरी पिचकारीचं पाणी मीटरमध्ये गेलं, फोन आला, आणि माणूस कमी होता.

नाना म्हणाले, "बठ तू. आज तुन्ही सुट्टी शे."

"बसून काय करू?" असं म्हणून त्यानं शिडी उचलली.

आणि हे आमच्या साहेबांना कळलं तेव्हा ते काय म्हणाले माहीत आहे? "बघा! रजा दिली तरी घेत नाहीत ही माणसं. आणि मग नावं आम्हाला!"

* * *

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. तिथं तात्पुरत्या जोडण्या द्यायला आसपासची माणसं मागवतात. मला आणि जालमसिंगला पाठवलं. तापीकाठची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. आमची झोपायची सोय डीपीशेजारी, ताडपत्रीवर.

समोर एका मोठ्या घोडेवाल्याचा तंबू. आत गालिचा, पिवळे दिवे, हीटर, आणि मधोमध पांढराशुभ्र घोडा, अंगावर मखमली झूल. संध्याकाळी फ्यूज उडाला तर तो माणूस स्वतः धावत आला.

"लवकर करा हो! लाईट गेली की तो बिथरतो. परका मुलूख आहे, त्याला घरची आठवण येते!"

जालमसिंगनं फ्यूज बांधला. मालक मग गप्पांत रमला. हा घोडा म्हणजे पोटचा पोर. ह्याला दिवाळीला वाड्यातच ठेवतो, बाहेर नेत नाही. सणाच्या दिवशी जनावर आपल्या दावणीला पाहिजे, नाहीतर बरकत जाते, असं त्याचे वडील सांगायचे.

जालमसिंगनं सगळं ऐकून घेतलं. ताडपत्रीवर येऊन बसला. बराच वेळ घोड्याकडे बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "यंदाचा अर्ज ह्या घोड्याच्या नावानं देऊन बघू का?"

* * *

त्यानंतर लगेच नाताळ. नवापूरकडच्या एका गावात माणूस कमी पडला, म्हणून जालमसिंगला आणि मला तिकडे धाडलं. सीमेवरचं डोंगरी गाव, घराघरावर चांदण्या, चर्चवर दिव्यांच्या माळा. ऐन प्रार्थनेच्या वेळी एक माळ जळाली आणि सगळं अंधारात गेलं.

लोकांनी आरडाओरडा केला नाही. अंधारातच गाणं चालू ठेवलं. आम्ही काम संपवलं तर एक म्हातारी चहा आणि केकचे तुकडे घेऊन पोलखाली उभी. आम्ही दोन वर्षांत कुठल्याच सणाला इतकी माणुसकी बघितली नव्हती, त्यामुळे थोडे घाबरलोच!

ती जालमसिंगला म्हणाली, "सणाच्या दिवशी घर सोडून आलात रे. तुमचा सण कधी?"

"होळी."

"तेव्हा तरी घरी जातोस ना?"

तो चहा पीत राहिला. म्हातारीनं रिकामा कप घेतला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "माझा मुलगापण वायरमनच आहे. सोनगडला. आज ड्यूटीवर."

* * *

तिसरी होळी. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्च्या दिल्या. आम्ही घाबरलो.

"जालमसिंग, यंदा तुला तुझ्या गावच्या होळीला पाठवतोय. तुझ्या गावच्या तारखेला! आता बोल!"

जालमसिंग खुर्चीतून उठून उभाच राहिला. मग साहेबांनी उरलेलं सांगितलं. त्यांचे काही पाहुणे बाहेरून येणार होते, कुटुंबासह. त्यांना डोंगरातली खरी होळी बघायची होती. साहेब स्वतः येणार होते. पाहुण्यांना फोटो काढायचे होते, म्हणून मैदानाभोवती हॅलोजन लावायचे. नव्या लाईनीचा भरवसा नव्हता, म्हणून डीपीपाशी दोन माणसं हवीत. मी आणि जालमसिंग.

"म्हणजे ड्यूटी साहेब?" त्यानं विचारलं.

"अरे, पण गावात ना!"

तरी त्यानं पालणी धरली. म्हणाला, "गावात तर असेन. एक तास तर मिळेल." आईला फोनवर कळवलं. मुलीशीही बोलला. ती आता शाळेत जायला लागली होती.

आम्ही दुपारीच पोहोचलो. हॅलोजन बांधले. अंधार पडला तसे शेजारच्या गावांचे ढोल आले. डोंगराच्या पायवाटांवरून घुंगरांचा आवाज उतरत होता आणि मैदान भरत होतं. त्यांची होळी पेटते पहाटे, तोवर रात्रभर नाच. जालमसिंग हेल्मेट घालून डीपीपाशी उभा. गावातली माणसं येऊन त्याला बघून जात होती. एका म्हाताऱ्यानं फक्त त्याच्या हेल्मेटवर बोटानं टकटक केलं आणि पुढे गेला.

पहाटेच्या सुमारास त्याची आई आली. बरोबर मुलगी, आणि हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. तिनं गाठोडं सोडलं. घुंगरं, सुक्या भोपळ्यांचा कमरपट्टा आणि मोरपिसांचा टोप. दोन होळ्या गेल्या तरी एक पीस हललं नव्हतं. ठिपक्यांसाठी तांदळाचं पीठ कालवून वाटीत आणलेलं.

जालमसिंग साहेबांकडे गेला. मी सोबत होतो, मागे टोप आणि पट्टा हातात घेऊन आई, आणि मुलगी. साहेब पाहुण्यांबरोबर खुर्च्यांवर बसले होते.

"साहेब, एक तास. होळी पेटेपर्यंत. मास्तर थांबतात डीपीजवळ. माझा नवस आहे."

"अरे, आता? नेमका आता पेटायचा टाइम आणि लाईट गेली तर? पाहुणे एवढ्या लांबून आलेत." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी नक्की. शब्द देतो."

तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका बाईंचं लक्ष त्या टोपाकडे गेलं. "किती सुंदर! हा ओरिजिनल आहे का?" त्यांनी तो आईच्या हातून अलगद घेतला आणि साहेबांच्या डोक्यावर ठेवला. सगळे हसले. कुणीतरी कमरपट्टाही बांधला. साहेब लाजले, पण उठले. नाचणाऱ्या बावांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, एक पाय वर करून. मोबाईल वर झाले.

आई मागे मागे गेली. आपल्या बोलीत काहीतरी सांगत होती. मला त्यातला 'पोरी' एवढाच शब्द कळला. हात पुढे केलेले होते, टोप परत मागत होती. पाहुण्यांना वाटलं, ती आशीर्वाद देतेय. त्यांनी तिला साहेबांच्या शेजारी उभं केलं आणि तिचाही फोटो काढला.

"अजून एक! साहेब, इकडे बघा! मॅडम, तुम्ही पण या!"

मुलगी हे सगळं बापाशेजारी उभी राहून बघत होती. तिनं त्याला काही विचारलं. त्यानं तिचा हात माझ्या हातात दिला.

"मास्तर," तो म्हणाला, "मी जरा डीपी बघून येतो."

पुढच्याच क्षणी सगळे हॅलोजन गेले.

पाहुण्यांत गलका झाला. गावाला मात्र काही झालंच नाही. ढोल एक ठोकाही चुकला नाही. काळ्या मैदानात फक्त घुंगरं ऐकू येत होती, आधी होती तेवढीच. फ्लॅशमध्ये कुणाचा फोटो निघेना. साहेबांचा आवाज आला, "अरे, हे धरा जरा, मला मोबाईल काढू द्या!" त्यांनी टोप आणि पट्टा हाताला लागलेल्या पहिल्या माणसाकडे दिला. ती आईच होती. ती तिथून हलली नव्हती.

मी मुलीला घेऊन डीपीपाशी आलो. पेटीचं दार उघडं. तिन्ही फ्यूज काढून दगडावर ओळीनं मांडलेले, वर हेल्मेट. जवळ कुणी नव्हतं.

साहेब टॉर्चच्या उजेडात ठेचकाळत आले. "मास्तर, काय झालं? जालमसिंग कुठंय?"

मैदानात नव्या घुंगरांची भर पडली होती. मुलगी माझा हात सोडून तिकडे पळाली.

मी फ्यूजपुढे उभा राहिलो. "माणूस लाईनवर आहे साहेब. सप्लाय देता येणार नाही."

आमच्या कामात या वाक्यापुढे कुणीच बोलत नाही, कितीही मोठा साहेब असो. एकदा माणूस लाईनवर आहे म्हटलं की तो स्वतः खाली उतरून सांगेपर्यंत फ्यूजला हात लावायचा नाही.

साहेबांनी टॉर्च पोलवर फिरवला, खालून वरपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"किती वेळ लागेल?"

मी डोंगराकडे पाहिलं. तिकडे अजून काळोखच होता.

"उजाडेपर्यंत, साहेब."